गणपती पाण्यात, मी कोरडा

मी बबन. भोपाळच्या जवाहर चौकात माझा उसाच्या रसाचा ठेला आहे, तिथं मला सगळे बब्बन भैया म्हणतात. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो, आणि त्यातलाही बराचसा वेळ वर्गाच्या बाहेर उभा होतो. म्हणून हे मी बोलतोय आणि माझी पोरगी शिल्पा मोबाईलवर टाईप करतेय. मध्येच ती म्हणते, "बाबा, हे नको ना लिहायला." ती असं म्हणाली की मी ते मुद्दाम दोनदा सांगतो.

सांगायचं कारण असं की डायलिसिसच्या वॉर्डात आता मी जुना झालो. नवीन पेशंट आला आणि रडायला लागला की सिस्टर त्याला माझ्या बाजूचा पलंग देते. मला म्हणते, "भैया, इनको बताओ." मी काय बताणार? मी काय काय गाढवपणा केला ते सांगतो. समोरच्याला वाटतं, चला, आपण एवढे वाया गेलेलो नाही. तेवढ्यात त्याची सुई लागून जाते. पण सगळ्यांना माझ्या बाजूचा पलंग मिळत नाही, म्हणून म्हटलं एकदाचं मोबाईलमध्ये टाकून ठेवू.

देवाबद्दलही सांगणार आहे. प्रवचन मला जमत नाही, घाबरू नका. माझं आणि देवाचं जे काही झालं ते पाण्यावरून झालं.

चप्पल

सुरुवात चपलेपासून झाली. बाजारातून नवीन चप्पल घेतली आणि आठवड्याभरात ती पायात जाईना. मी दुकानदाराकडे भांडायला गेलो. म्हटलं, तुझी चप्पल आकसते. त्यानं चप्पल पाहिली, मग माझा पाय पाहिला. म्हणाला, "भैया, चप्पल नहीं सिकुड़ी, पाँव फूला है." मी त्याला चार गोष्टी ऐकवून निघून आलो. घरी येऊन बायकोला म्हटलं, कुंदा, बघ, अंगाला लागतंय तुझ्या हातचं.

कुंदानं माझ्या नडगीवर बोट दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. ती घाबरली. मला मात्र मजा वाटली. दुसऱ्या दिवशी ठेल्यावर गिऱ्हाइकांना मी तो खड्डा करून दाखवला. दोघांनी तर स्वतः बोट लावून पाहिलं.

बीपीची गोळी मला आधीपासून चालू होती. ती मी बंद केलेली, कारण मला बरं वाटत होतं. बरं त्या गोळीमुळेच वाटत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मग जिना चढताना दम लागायला लागला. कुंदानं ओढत नेलं. रक्त काढलं, सोनोग्राफी झाली. डॉक्टर मॅडम वयानं लहान होत्या, शांत होत्या. म्हणाल्या, दोन्ही किडन्या गेल्यात.

मी म्हटलं, "मॅडम, एक तो रखी होगी ना साइड में?"

मॅडम म्हणाल्या, "हँस लीजिए, फिर बताती हूँ."

मग मला हसायला आलं नाही. त्यांनी डायलिसिसचं सांगितलं. आठवड्यातून तीनदा मशीनवर यायचं, मीठ कमी, आणि पाणी मोजून. रस तर एक घोटही नाही, तो तुमच्यासाठी विष आहे म्हणाल्या. मी रसवाला आहे हे त्यांना माहीत नव्हतं. कुंदानं सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा मॅडमचा चेहरा बदलला.

कुंदानं विचारलं, "ठीक कब होंगे ये?"

"ठीक नहीं होंगे. संभालेंगे तो चलते रहेंगे."

घरी येताना ऑटोत कुंदानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की जसा मी वळणावर बाहेर पडणार. किडनी बदलायचं पण बोलणं झालं, कारण हे सगळेच विचारतात. कुंदाला शुगर आहे, तिची चालत नाही. शिल्पा द्यायला तयार होती. मी म्हटलं, तुझी मी घेणार नाही, तुला माझी अक्कल मिळाली नाही एवढंच खूप आहे. यादीत नाव लावलंय. नंबर येईल तेव्हा येईल.

देव पाण्यात

आमच्या घरी एक पितळेचा गणपती आहे, अंगठ्याएवढा. माझे वडील नागपूरला सरकारी कचेरीत चपराशी होते. कचेरी भोपाळला आली, फायलींबरोबर वडील आले, आणि वडिलांच्या ट्रंकेत हा गणपती. म्हणजे त्याचीही बदलीच झाली. कोटरा सुल्तानाबादच्या आमच्या दोन खोल्यांत कोपऱ्यात लाकडी देव्हारा आहे, त्यात तो बसतो.

आमच्यात घरावर मोठं संकट आलं की देव पाण्यात ठेवतात. देवालाच सांगायचं, आमचा जीव गुदमरतोय, आता तूही बस आमच्यासोबत. संकट टळलं की मग त्याला काढायचं, पुसायचं, जागेवर ठेवायचं. कुंदा वर्ध्याची, ती अशा बाबतीत एकदम पक्की. ऑटोतून उतरल्यावर तिनं हातपाय धुतले, तांब्याची तपेली घासली, माठातलं पाणी भरलं, तुळशीचं पान टाकलं आणि गणपतीला आत सोडलं.

मी विचारलं, "कधीपर्यंत?"

"तुम्ही बरे होईपर्यंत."

मॅडम काय म्हणाल्या ते आम्ही दोघांनीही ऐकलं होतं.

त्याच दिवशी तिनं माझ्यासाठी एक बाटली आणली आणि तिच्यावर शिल्पाच्या नेलपॉलिशनं लाल रेघ ओढली. दिवसभराचं माझं पाणी त्या रेघेपर्यंत. चहा, वरण, गोळी गिळायला लागेल ते, सगळं त्यातूनच वजा. रोज सकाळी कुंदा आधी गणपतीचं पाणी बदलायची, मग माझी बाटली भरायची. गणपतीला माठातलं थंडगार, काठोकाठ. मला रेघेपर्यंत.

मी म्हणायचो, बघ बाबा, लोक गणपती दहा दिवस बसवून मग पाण्यात सोडतात. आमच्याकडे तू उन्हाळाभर पाण्यात.

काटा

डायलिसिसला गेल्यावर पहिलं काम काट्यावर उभं राहायचं. मागच्या वेळेपेक्षा वजन जेवढं वाढलं तेवढं पाणी अंगात. डॉक्टरशी खोटं बोलता येतं, बायकोशी बोलता येतं, त्या काट्याशी नाही. मी एकदा खिशातली चिल्लर काढून ठेवली, एकदा बेल्ट काढला. सिस्टर म्हणाली, "पैंट भी उतारोगे क्या?"

पहिल्या दिवशी मी मशीन बघून मोठ्यानं म्हटलं, अरे, ही तर माझ्या रसाच्या चरखीची बहीण, एका बाजूनं घालायचं, दुसऱ्या बाजूनं निघणार. सगळा वॉर्ड हसला. मग सुई आली आणि मी बेशुद्ध पडलो. वॉर्ड परत हसला म्हणतात, मी ऐकायला नव्हतो.

शुद्धीवर आलो तर नळीतून लाल जात होतं. माझंच रक्त, पण मला ते ओळखीचं वाटेना. हात हलवायचा नाही, चार तास पडून राहायचं. मी सिस्टरला हळूच म्हटलं, माझ्या बायकोला दारात उभं करता का. आत सोडत नव्हते, पण सिस्टरनं दार थोडं उघडं ठेवलं. कुंदा तिथं पिशवी घेऊन उभी राहिली. मला नुसती पिशवी दिसत होती. तेवढ्यावर मी ते चार तास काढले.

बाजूच्या पलंगावर हमीद भाई. जुन्या भोपाळचे, शिवणकाम करायचे, माझ्या आधीपासून मशीनवर. मी आलो की पलंगावरून, आपण 'काय राव' म्हणतो तसं, भोपाळी बोलीत विचारायचे, "को खां, आज कितना लाद के लाए?" मी आकडा सांगितला की म्हणायचे, "इत्ते में तो मेरी गली की टंकी भर जाए."

रमजान आला तेव्हा ते जरा गप्प होते. मी चिडवलं, चाचा, रोजा? ते म्हणाले, "मियाँ, ज़िन्दगी भर रोज़े में पानी छोड़ा. अब रोज़े की छूट मिल गई, तो पानी की छूट नहीं." आणि स्वतःच हसले.

खिडकीजवळचा एक पलंग एका दिवशी रिकामा होता. तिथं एक रेल्वेतले बाबूजी यायचे, शांत माणूस. मी विचारलं, कुठं गेले. हमीद भाई छताकडे बघत म्हणाले, "उनकी शिफ्ट बदल गई." मी म्हटलं, सकाळची घेतली का? मला समजायला मशीन संपेपर्यंतचा वेळ लागला. आमच्याकडे सगळे असंच म्हणतात. आता मीही म्हणतो.

तहान

लोकांना वाटतं सुई दुखते. सुईची सवय होते. तहानेची होत नाही.

तोंडात जीभ नाही, जुनं चामडं आहे असं वाटतं. बोलताना ओठ चिकटतात. मी दिवसभर बडबड करणारा माणूस, माझं अर्धं पाणी बोलण्यातच उडून जायचं. सिस्टरनं सांगितलं बर्फाचा खडा चघळा, लिंबाची फोड चोखा, बडीशेप ठेवा तोंडात. हे कामाचं आहे, लक्षात ठेवा. बर्फाचा एक खडा पाण्याच्या दोन घोटांपेक्षा जास्त वेळ टिकतो. मी मात्र आधी खडा चघळायचो आणि मग घोटही घ्यायचो.

चूळ भरताना थोडं आत जाऊ द्यायचो. आंघोळीला वेळ लावायचो. कुंदा बाहेरून ओरडायची, "तोंड बंद ठेवून आंघोळ करा जी." मी तोंड बंद ठेवूनच उत्तर द्यायचो, "हूं."

ठेला आता कुंदा चालवायची. मी स्टुलावर चरखीकडे पाठ करून बसायचो आणि पैसे घ्यायचो. चरखीला घुंगरू आहेत. ते वाजले की माझ्या गळ्यात काहीतरी हलायचं. गिऱ्हाईक ग्लास तोंडाला लावायचं आणि शेवटी "आह" म्हणायचं. आयुष्यभर तो आह ऐकला, त्याच्यावर घर चाललं, पण असा त्रास कधी झाला नव्हता. एकाला मी म्हटलंही, भैया, चुपचाप पियो.

घरी भांडणं व्हायची ती घोटावरून. मी म्हणायचो, रेघ खाली सरकवलीस तू. ती म्हणायची, नेलपॉलिश सरकत नसते. एकदा मी चिडून म्हटलं, एवढा धाक दाखवतेस, मी काय तुझा कैदी आहे? तिनं काही उत्तर दिलं नाही, पण त्यानंतर घराबाहेर जाताना ती स्वयंपाकघराला कुलूप लावायला लागली. म्हणजे उत्तर दिलंच.

देवाकडे मी रोज एकच मागायचो. बाबा, ही तहान काढून घे. बाकी मशीन, सुई, सगळं ठेव. तेवढी तहान ने. तो पाण्यात बसून ऐकायचा.

तीर्थ

मे महिना होता. सकाळी मी कोपऱ्यावरच्या ठेल्यावर पोहे खाल्ले, वर मूठभर शेव. खायला नको होती. मिठानं दुपारपर्यंत माझा घसा पेटला. बाटली रेघेपासून बुडापर्यंत रिकामी झालेली. कुंदा ठेल्यावर, शिल्पा क्लासला, स्वयंपाकघराला कुलूप.

देव्हाऱ्याला कुलूप नव्हतं.

मी समोर जाऊन बसलो. तपेलीत गणपती, वर तुळशीचं पान, माठातलं पाणी. मी विचार केला, हे पाणी कुठं आहे, हे तीर्थ आहे. तीर्थ कोणी मोजतं का? डॉक्टरांनी पाणी मोजायला सांगितलं, तीर्थाचं नावही काढलं नव्हतं.

आधी रीतसर केलं. उजवा तळहात, पळीभर, पिऊन हात डोक्याला. मग आणखी एक पळी. मग म्हटलं पळीनं किती वेळ लागेल, देवालाही कंटाळा येईल. तपेली उचलली आणि तोंडाला लावली. शेवटच्या घोटाला गणपती घसरत आला आणि माझ्या दातांवर आपटला. समोरचा एक दात हलतो अजून. ज्याला बघायचं असेल त्याला मी दाखवतो.

तहान एकदा उघडली की झाकता येत नाही. मी न्हाणीघरात गेलो आणि बादलीतून तांब्या भरून प्यायलो. मग अजून एक. तपेली तशीच राहिली, कोरडी, आत गणपती आडवा. न्हाणीघराचं पाणी देवाला कसं घालणार, माझंही काही शास्त्र आहे.

संध्याकाळी कुंदा आली. दिवा लावायला देव्हाऱ्याशी गेली आणि थांबली. मी मनात उत्तरं तयार करत होतो, मांजर, ऊन, तपेली गळते. ती वळली तर तिच्या डोळ्यांत पाणी.

"अहो, इकडे या. पाणी गेलं."

मी म्हटलं, "अं?"

"सकाळी काठोकाठ भरलं होतं मी. एक थेंब नाही. त्यानं पिऊन घेतलं." तिनं पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. "तुमचं दुखणं त्यानं पिऊन घेतलं."

ती खाली बसली आणि रडली आणि हसली. दुखणं निघाल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. तिनं शिल्पाला फोन लावला, "लवकर ये, येताना पेढे आण." मी तोंड उघडलं आणि बंद केलं. असं समजा की मी आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट सांगायची थांबवली, आणि तीच नेमकी सांगायची होती.

पेढे आले. एक माझ्या हातावर ठेवला. तो मी तोंडात घातला आणि मला श्वास येईना.

दवाखान्यात आडवं झोपवलं तर अजूनच येईना. छातीत पाणी भरलं होतं. मला वाटलं शिफ्ट बदलते आता. मास्क लावला, मशीन जोडायची धावपळ. कुंदा पलंगाच्या कडेला, तिच्या हातात पेढ्यांचा डबा तसाच. ती मॅडमना सांगत होती, "मैडम, आज तो भगवान ने संकेत दिया था. सारा पानी सूख गया था."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "बबन जी, कितना पिया?"

मास्कमधून बोलता येत नव्हतं. मी बोटानं दाखवलं, एक तपेली. हातानं आकारही केला. मग दोन तांबे.

कुंदानं तो आकार पाहिला. तपेली तिनंच घासलेली, तिला ओळखायला वेळ लागला नाही.

धरून ठेव

घरी आल्यावर ती रागावेल म्हणून मी वाट पाहिली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं, दोन जोक तयार होते. तिनं गणपती पुसला, तपेली घासली, नवीन पाणी भरलं आणि त्याला परत आत ठेवलं. दोन दिवस तिनं बाटली माझ्यापुढे ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "शिव्या तरी दे."

ती म्हणाली, "पाण्याचं काही नाही हो. मला वाटलं, त्यानं ऐकलं."

मी बाटली उचलून कोपऱ्यात ठेवली.

मग तीच बोलली. भाजी निवडत होती, तिकडेच बघत. "तुम्ही काय मागता त्याच्याकडे?"

"तहान जाऊ दे म्हणतो."

"ती जायची नाही. मॅडमनी सांगितलंय ना. मी हरतालिकेला पाणी सोडते तुमच्यासाठी, लग्न झाल्यापासून. तुम्हाला काय वाटतं, मला तहान लागत नाही त्या दिवशी?"

खरं सांगतो, मी कधी विचारच केला नव्हता. हरतालिकेला पण माझा ठेला चालू असायचा. मी तिच्यासमोर रस पिऊन आह म्हटलेलं आहे.

"मग राहते कशी?"

"मी कुठली राहते. दुपारी वाटतं, आता पिऊनच टाकावं. मग त्याला म्हणते, मला धरून ठेव रे. संध्याकाळपर्यंत म्हणते, मग रात्रीपर्यंत म्हणते. तहान तशीच असते. पण कोणीतरी धरलंय असं वाटतं, मग हात पाण्याकडे जात नाही." तिनं मेथीची काडी बाजूला टाकली. "तुम्ही तहान ने म्हणता. तसं नका म्हणू. धर म्हणा."

मला हे काही फार मोठं वाटलं नाही तेव्हा. म्हटलं, करून पाहू, तसंही माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता.

झालं असं. ठेल्यावर घुंगरू वाजले, घसा हलला, की मी मनात म्हणायचो, धर. गिऱ्हाईक आह म्हणालं की, धर. न्हाणीघरात तांब्या हातात आला की, धर बाबा, घट्ट धर, मी सुटतोय. तरी पहिल्या आठवड्यात मी दोनदा सुटलो. काट्यानं लगेच सांगितलं. मी घरी येऊन गणपतीला म्हटलं, तुझी पकड ढिली आहे. कुंदा आतून म्हणाली, "तुम्हीच हिसका देता."

चमत्कार काही झाला नाही. तहान आज पण आहे, हे बोलताना आहे. पण आधी मी एकटा तहानेशी कुस्ती खेळायचो आणि रोज चीत व्हायचो. आता निदान पाठीमागून कोणी कमरेला धरलंय असं वाटतं. हे देवाचं असेल, कुंदाचं असेल, मला वेगळं करून सांगता येत नाही. वजन हळूहळू खाली आलं. हमीद भाई म्हणाले, "को खां, कोई नई टंकी पकड़ ली क्या? माल कम ला रहे हो."

हरतालिका

पावसाळा संपत आला, गणपतीचे दिवस जवळ आले. आमचा गणपती अजून पाण्यातच. पितळ काळवंडलं होतं, सोंडेवर हिरवट आलं होतं. रोज पाणी बदलायला कुंदा त्याला बाहेर काढायची आणि परत सोडायची, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, हा माझी वाट पाहतोय. मी तर बरा होणार नाही. मग हा काय कायमचा असाच राहणार?

मी कुंदाला म्हटलं, "चतुर्थीला काढू त्याला. सगळ्या गावात त्याचा थाट आणि आमच्याकडे तो बुडालेला."

"तुम्ही बरे झाल्याशिवाय काढायचा नसतो."

"मी बरा होणार नाही, कुंदा."

हे वाक्य घरात पहिल्यांदा मोठ्यानं बोललं गेलं. शिल्पा अभ्यास करत होती, तिची मान वर आली. कुंदा पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

मी म्हटलं, "मॅडम म्हणाल्या तसं, चलतं राहायचं. मग त्यानंही चलतं राहावं. मी त्याला दिवसातून पन्नासदा म्हणतो, धर मला. जो आपणच बुडालाय तो कसा धरणार?"

कुंदानं पोळी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "उद्या तुमचा मशीनचा दिवस आहे. काट्यावर वाढ कमी निघाली तर काढू. जास्त निघाली तर नाही. मला फसवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी हरतालिका होती. कुंदानं सकाळी पूजा केली आणि माझ्याबरोबर दवाखान्यात आली. पाण्याचा थेंब नाही तोंडात. मी म्हटलं, मी पण आज तुझ्याबरोबर काहीच पीत नाही. ती म्हणाली, "तुमच्या गोळ्या काय मी गिळू? नाटकं नका करू, रेघेपर्यंत प्या." माझी बाटली तिच्याच पिशवीत होती. वॉर्डाच्या दारात ती ती पिशवी धरून उभी राहिली, तिचे ओठ कोरडे, आणि मी गोळीसाठी मागितलं की मला मोजून एक घोट द्यायची आणि झाकण लावायची. मी तो घोट घेताना आह म्हटलं नाही. एवढी अक्कल मला आली होती.

काट्यावर चढायच्या आधी मी बेल्ट काढला नाही. चिल्लरही खिशातच. मनात म्हटलं, धर.

सिस्टरनं आकडा वाचला, परत वाचला. "भैया, काँटा खराब है या आप सुधर गए?"

हमीद भाई पलंगावरून म्हणाले, "काँटा ही ख़राब होगा."

मी दाराकडे पाहिलं. नुसती पिशवी दिसत होती. पिशवी हलली.

पळीभर

चतुर्थीला सकाळी आंघोळ करून मी देव्हाऱ्याशी बसलो. कुंदानं तपेली माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "तुम्हीच काढा." मी हात घातला. पाणी थंड होतं. त्याला बाहेर काढलं, चिंचेनं घासलं, सोंडेवरचं हिरवं निघेपर्यंत घासलं, आणि स्वच्छ पंच्यानं पुसलं. दातांवर आपटला होता त्याबद्दल मी त्याला माफ केलं असं सांगितलं. शिल्पा आत्ता टाईप करताना म्हणाली, "बाबा, हे नको ना लिहायला." त्याला जागेवर बसवलं. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघंही कोरड्यात समोरासमोर बसलो.

आरती झाली. कुंदानं माझ्या मनगटाच्या वर हात ठेवला. तिथं मशीनच्या सुईसाठी नस जोडलेली आहे, हात ठेवला की आत मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. ते लागलं म्हणजे सगळं चालू आहे. ती रोज सकाळी बघते. बघितलं, मान हलवली.

मग तिनं तपेलीतलं पळीभर तीर्थ माझ्या तळहातावर घातलं. मी प्यायलो, हात डोक्याला लावला. एकच पळी. मी दुसरी मागितली नाही.

कुंदानं माझी बाटली उचलली, झाकण काढलं, मी प्यायलेल्या तीर्थाचं म्हणून त्यातलं बरोबर एक पळी पाणी मोजून काढलं आणि तपेलीत ओतलं. मग तपेली घेऊन तुळशीकडे गेली.